नुसतं तोंड हलव

बसथांब्यावर आईचं तोंड लागलं होतं. अख्खी आई नाही, तोंडच. माणूस वाकून आत शिरेल एवढं उघडं, वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला आणि हनुवटीवरचा तीळ माझ्या मुठीएवढा. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आवाज तिचा'. त्याखाली बारीक अक्षरांत, कष्टकरी स्त्रिया आणि त्यांचं संगीत, संग्रहालयाच्या तळमजल्यावर, फक्त महिनाभर.

मी पार्लर उघडायला निघाले होते. किल्ल्या हातात, डबा काखेत, आणि समोर ही बाई आ वासून उभी. आधी मला हसू फुटलं. शेजारचे एक गृहस्थ बघायला लागले म्हणून त्यांना सांगितलं, ही माझी आई. ते दोन पावलं लांब सरकले. मग बस आली, गेली, आणि माझं हसू जिथल्या तिथे आटलं. कारण तो फोटो कधीचा ते मला माहीत होतं. ज्या घटकेला तो काढला त्या घटकेला आईच्या त्या एवढ्या मोठ्या तोंडातून आवाज निघत नव्हता. मास्तरने तिला सांगून ठेवलं होतं, नुसतं तोंड हलव.

मास्तर म्हणाला, मास्तर आला, असंच मी म्हणते. आईसमोर म्हटलं की ती हातातलं काम थांबवून मला दुरुस्त करते, "म्हणाले म्हण." जन्मभर तिने त्याला अहोजाहो केलं. मी तिच्या पोटची असूनही एवढी एक गोष्ट काही तिच्याकडून शिकले नाही.

आता हे सगळं काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईचं डोकं फिरलंय.

आई धुलाई कारखान्यात होती. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी ढिगाने यायच्या. धुऊन झाल्या की ओल्या चादरी इस्त्रीच्या गरम रुळात घालायच्या. दोघींनी दोन कोपरे धरून चादर रुळाच्या तोंडाशी द्यायची, पलीकडे दोघींनी ती ओढून घ्यायची आणि घडी घालायची. चौघींचे हात एका ठेक्यात चालले तर ठीक, एकीचा जरी चुकला तर चादरीबरोबर बोटंही आत. म्हणून बायका गायच्या. हौस म्हणून नाही, बोटं वाचावीत म्हणून. जी पहिला कोपरा ओढायची तीच गाणंही ओढायची, आणि तिला म्हणायचेच 'ओढणारी'. आई ओढणारी होती. तिथे नियम एकच होता, गाणं तुटू द्यायचं नाही. ओढणारीला ठसका लागला तरी शेजारचीने शब्द उचलायचा, कुणीही उचलायचा, पण उचलायचा. एकदा एका नव्या साहेबाने गोंगाट नको म्हणून गाणं बंद करवलं, आणि त्याच दिवशी एका बाईची दोन बोटं रुळात गेली. त्यानंतर साहेब गप्प बसला.

गाणं आईचंच होतं. मला ते तिच्याबरोबर रुळावर असलेल्या भोंगा मावशीने म्हणून दाखवलं, आईने कधीच नाही.

धर गं कोपरा, ओढ गं बाई,
चादरीला त्यांच्या सुरकुती नाही.
माझ्या गं कपाळी पडल्या त्या किती,
इस्त्री त्या मोडायला बनलीच नाही.

कारखान्याच्या मालकाला कुठून तरी सुचलं की या बायकांचा गायकवृंद करावा, कारखान्याचं नाव होईल. त्याने मास्तरला आणला. मास्तर तेव्हा तरुण, केस मागे फिरवलेले, हातात ठेका दाखवायची काळी छडी. त्याने गाणं ऐकलं, वहीत उतरवलं आणि धुऊन काढलं. 'धर गं कोपरा'चं 'धवल वस्त्र हे' झालं. सुरकुती गेली, कपाळ गेलं, इस्त्री गेली. राहिली ती फक्त आईची चाल. तिच्यावर आता त्याचं नाव आलं.

मग मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर त्याच्या लक्षात आलं की आईचा आवाज सगळ्यांच्या वर जातो. रुळाच्या घरघरीवर चढायची सवय असलेला आवाज तो, त्याला मऊ कसं बोलायचं ते माहीत नव्हतं. मास्तर म्हणाला, चादर टरकावल्यासारखा गळा आहे हा. पण तिला काढून टाकायचीही सोय नव्हती, कारण बायका मास्तरच्या छडीकडे बघतच नव्हत्या. त्या आईच्या तोंडाकडे बघून गायच्या. ते उघडलं की उघडायच्या, मिटलं की मिटायच्या. तेव्हा त्याने तोडगा काढला. आईला मधोमध उभी केली, सगळ्यांदेखत ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, तू नुसतं तोंड हलव, आवाज काढू नको.

आईने तोंड हलवलं. कप मिळाला. मास्तर संगीत विद्यालयाचा मुख्य झाला, त्याचे सत्कार झाले, आणि आई परत रुळावर आली. पण तिथेही ओढणारी दुसरी बाई झाली. आई कोपरा धरायची आणि तोंड हलवायची.

तेव्हापासून ती अशीच. माझ्या वाढदिवसाला सगळे गायचे आणि आईचे ओठ हलायचे. मला झोपवताना तिच्या मांडीवर मी वर बघायचे, ओठ हलतायत, आणि काही ऐकू येत नाही. लहानपणी मला कित्येक दिवस वाटायचं की माझेच कान खराब आहेत. एकदा तर मी काडी घालून कान कोरून कोरून रक्त काढलं. हे मी मास्तरला माफ करायचं? कशासाठी?

त्या दिवशी पार्लर उघडलंच नाही. तडक संग्रहालयात गेले. खालच्या दालनात ठोकाठोकी चालली होती, भिंतींना ओला रंग, काचेच्या पेट्यांवर प्लास्टिक. प्रदर्शन लावणारी बाई भेटली, मोठ्या चष्म्याची, केस आखूड, चांगली माणूस, हे मी लपवत नाही. ती हरखूनच गेली. म्हणाली की फोटोतल्या बाई हयात आहेत हे तिला माहीतच नव्हतं, मास्तरांनी तर बहुतेक गेल्या असं सांगितलं होतं. मग तिने मला सगळं हिंडून दाखवलं. कारखान्यातला जुना एप्रन, रुळाचा एक तुकडा, कप, काळी छडी. प्रत्येक वस्तूशेजारी एक पाटी, आणि प्रत्येक पाटीच्या तळाशी तीच ओळ, 'मास्तरांच्या सौजन्याने'. कप मास्तरांच्या सौजन्याने. छडी मास्तरांच्या सौजन्याने. मग भिंतभर आईचा फोटो आला, आणि तोही मास्तरांच्या सौजन्याने.

मी म्हटलं, हे तोंड माझ्या आजीच्या सौजन्याने आहे. चष्मेवाली हसली. मी हसले नाही.

मग मी तिला सगळं सांगितलं. तिचा चेहरा पडला. तिने ऐकून घेतलं, मनापासून ऐकून घेतलं, आणि मग सांगितलं की मजकूर समितीने मंजूर केलाय, पाट्या छापून आल्यात, आणि निम्म्याहून जास्त वस्तू मास्तरांनी उसन्या दिल्यात, त्यांनी काढून घेतल्या तर दालनात रुळाचा तुकडा तेवढा उरेल. उद्घाटनही त्यांच्याच हातून आहे. ज्या बायका उरल्यात त्या तिथे तेच गाणं गाणार, मास्तर समोर उभे राहून हात हलवणार. आई आली तर फारच छान होईल, असंही ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिची तिलाच लाज वाटली.

मी म्हटलं, येईल की. का नाही येणार? माझ्या डोक्यात तोवर सगळं शिजलं होतं.

रात्री आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली घेतला आणि म्हणाले, नव्वदीला टेकलेला म्हातारा आहे, त्याच्याशी काय भांडायचं. मी म्हटलं, भांडणार कोण आहे, मी तर ब्रसुद्धा काढणार नाही. ह्यांनी पेपर परत वर घेतला. एकोणतीस वर्षांचा संसार आहे, कुठे थांबायचं ते त्यांना कळतं.

आता बेत ऐका. उद्घाटनाला मास्तर हात वर करणार. बायका तोंडं उघडणार. आणि एकीच्याही तोंडातून आवाज निघणार नाही. सगळ्या नुसती तोंडं हलवणार, एवढंच. भरल्या दालनात, पाहुण्यांसमोर, कॅमेऱ्यांसमोर. ज्या बाईला त्याने मुकं केलं तिच्या फोटोखाली.

उद्घाटनाआधीच्या आठवड्यात मी सगळ्या मावश्यांना पार्लरमध्ये बोलावलं. फुकट केस रंगवून देते म्हटल्यावर उरल्यासुरल्या झाडून आल्या. मी त्यांना ओळीने बसवलं, डोक्याला रंग फासला आणि मगच विषय काढला. डोक्याला ओला रंग लावलेली बाई कुठेही पळून जाऊ शकत नाही. आमच्या धंद्यातला हा मोठा फायदा.

भोंगा मावशी लगेच तयार. कारखान्याच्या भोंग्यासारखा तिचा आवाज म्हणून तिचं नाव भोंगा, आणि आवाज अजून शाबूत. बाकीच्या मात्र कुरकुरल्या. म्हणाल्या, जाऊ दे गं, आता काय राहिलंय. म्हाताऱ्याच्या जिवाला काही झालं तर? आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी पाहुणे म्हणून बोलावतंय, नातवंडं बघायला येणार, आणि आम्ही तिथे माशासारखी तोंडं करायची? एकजण तर म्हणाली, तुझ्या आईची काही तक्रार नाही, मग तुझी का? रंगाचा ब्रश माझ्या हातून तिच्या कानावर गेला. मी म्हटलं, तक्रार करायला आवाज लागतो मावशी. तर ती म्हणाली, कान सांभाळ, कानाला रंग लागतोय.

थोडक्यात, माझा बेत पार्लरच्या मोरीतून वाहून गेला. मी सगळ्यांची डोकी धुतली आणि त्यांना घरी पाठवलं.

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला सांगायची गरजच नव्हती. उद्घाटनाचं विचारलं तर तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, मास्तरांनी बोलावलंय तर जायला हवं. केस रंगवू का म्हटलं तर नको म्हणाली, पांढरे आहेत ते पांढरे दिसू देत.

पण मास्तरने स्वतःच माझं काम केलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तालीम होती. मी आईला घेऊन गेले आणि भिंतीशी उभी राहिले. मास्तर चाकाच्या खुर्चीतून आला. सुकून गेलाय, मान हलते, दोन्ही कानांत यंत्रं. पण केस अजून मागे फिरवलेले, आणि रुबाब तोच. त्याने एकेकीला ओळखलं, एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला, तुझा गुडघा कसा आहे, तुझा मुलगा कुठे असतो. माझ्या मनात पाल चुकचुकली, म्हटलं, हा तर चांगला म्हातारा झालाय, आता मी काय करू? मग तो आईसमोर आला. तिच्याकडे बघून ओळखीचं हसला, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, परत तिच्याकडे बघितलं. आणि ओठांवर बोट ठेवलं.

"लक्षात आहे ना? नुसतं तोंड," तो म्हणाला. "तोंड तुझं अजून छान आहे."

चष्मेवाली खाली बघायला लागली. मास्तरबरोबर आलेले दोघेतिघे हसले, काहीतरी जुनी गंमत असावी म्हणून. आणि आईने मान हलवली. हो मास्तर, म्हणाली.

त्याला सगळं आठवत होतं. गेल्या म्हणून सांगितलेल्या बाईला बघून तो दचकलासुद्धा नाही, पाप केल्याचं त्याला माहीतच नव्हतं, त्याच्या लेखी तो एक किस्सा होता. मला तिथल्या तिथे त्याच्या खुर्चीचा ब्रेक सोडून द्यावासा वाटला. पण मी मावश्यांकडे बघितलं. पार्लरमध्ये कुरकुरणाऱ्या त्या सगळ्या आईकडे बघत होत्या. तालीम झाली, त्या नीट गायल्या, 'धवल वस्त्र हे', आई तोंड हलवत राहिली. बाहेर पडताना ती कानाला रंग लागलेली मावशी माझ्याजवळून गेली, थांबली नाही, जाता जाता एवढंच म्हणाली की उद्या सगळ्याजणी. मी मान हलवली. त्या रात्री मला अशी झोप लागली म्हणून सांगू.

उद्घाटनाला दालन गच्च भरलं होतं. आईचा फोटो छतापर्यंत, त्याच्यावर दिवे सोडलेले. फोटोखाली दोन पायऱ्यांचा लाकडी मंच, त्यावर बायका ओळीने, केस काळेभोर, मधोमध आई पांढरी. समोर एक माईक, तोही आईच्या समोर, कारण फोटोवाल्यांना ती आणि तिचा फोटो एकाखाली एक हवे होते. मास्तर खुर्चीतून उठून उभा राहिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने भाषण केलं. कारखान्याचं वर्णन केलं, वाफ, उकाडा, अडाणी बायका. आणि शेवटी म्हणाला की मी या बायकांना आवाज दिला. परत टाळ्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण हात चोळले.

मग त्याने मंचाकडे तोंड केलं, काळी छडी पेटीतून काढून त्याच्या हातात दिली होती ती वर उचलली, आणि खाली आणली.

सगळ्यांची तोंडं उघडली. आवाज नाही.

छडी एकदा फिरली, दोनदा फिरली. बायका गात होत्या, म्हणजे दिसायला गात होत्या. भोंगा मावशीचा गळा फुगला होता, डोळे मिटले होते, असं रंगून कुणी खरोखर गात नाही. मास्तरचा हात अडखळला. त्याने डाव्या कानातलं यंत्र चाचपलं. बोटाने दाबलं. मग उजवं. मग डावं काढलं, त्यावर फुंकर मारली, परत घातलं. छडी चालूच होती बिचारी. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लहानपणापासून ओळखते. कान खराब झाले की काय, हीच ती भीती. काडी घेऊन कान कोरणारी पोरगी मला त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर दिसली, आणि मला दया आली असेल असं तुम्हाला वाटत असेल तर नाही आली. मला गारगार वाटलं. पुन्हा दाब, म्हटलं मनात. अजून जोरात दाब.

मागे लोक कुजबुजायला लागले. ते मात्र त्याला ऐकू आलं. त्याने मान वळवून लोकांकडे बघितलं, मग बायकांकडे, आणि त्याला कळलं. रंग उतरला त्याचा. चष्मेवाली खांबाला टेकून उभी होती, तिचा हात तोंडावर. भोंगा मावशीने एक डोळा किलकिला करून माझ्याकडे बघितलं. मी तिला नजरेनेच सांगितलं, चालू दे, अजून एक कडवं.

आणि तेवढ्यात आई थांबली.

ती रोजच्या सवयीने तोंड हलवत होती. आजूबाजूला बाकीच्या गातायत असं धरून चालली होती, कारण पन्नासेक वर्षं तसंच होत आलं होतं. तिला उशिरा कळलं की कुणीच गात नाहीये. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. तिचे दोन्ही हात आपोआप पोटापाशी वर आले, चिमटीत कोपरा धरावा तसे. गाणं तुटलं होतं. आणि गाणं तुटलं की कुणाची तरी बोटं जातात, हे त्या बाईच्या हाडात होतं.

तिने शब्द उचलला. "धर गं कोपरा."

देवा, काय आवाज होता तो. मास्तर म्हणाला होता ते खरंच होतं, टरकावल्यासारखाच. माईक किंचाळला, पुढच्या रांगेतल्या एका साहेबांनी कानावर हात नेला. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आईचा गाण्याचा आवाज ऐकत होते, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि त्याच वेळी मी दात-ओठ खात होते. कारण बेत गेला. इतकं जुळवून आणलेलं, आणि ही बाई, हीच बाई, त्याला वाचवायला निघाली होती. "ओढ गं बाई," मावश्यांनी पुढचा शब्द उचलला. ओढणारीने ओढलं की उचलायचंच, त्यात माझं कोण ऐकतंय. 'धवल वस्त्र' कुठल्या कुठे गेलं. चादर, सुरकुती, कपाळ, इस्त्री, सगळं जसंच्या तसं बाहेर आलं.

आणि मास्तर सावरला. त्याच्या तोंडावर रंग परत आला. त्याने लोकांकडे बघून हसून मान डोलावली, जणू हे त्यानेच बसवलंय, आधी शांतता आणि मग गाणं. छडी जोरात फिरायला लागली. टाळ्यासुद्धा सुरू झाल्या. मला वाटलं, जिंकला हा. जन्मभर जिंकत आला आणि आजही जिंकला.

पण आईचा आवाज सगळ्यांच्या वर चढला होता, आणि उतरायचं नाव घेत नव्हता. मास्तरला ते सोसवेना. इतक्या वर्षांची सवय तीही. त्याने छडी डाव्या हातात घेतली, उजवा तळवा खाली दाबला, खाली, खाली, आणि आईकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

आई थांबली. बाकीच्यांनी गाणं तुटू दिलं नाही, त्या हलक्या आवाजात पुढे ओढत राहिल्या. आईने त्या बोटाकडे बघितलं. रागाने नाही. चादरीवर डाग राहिलाय का ते बघायची ना, तसं निरखून.

"मास्तर," ती म्हणाली, आणि माईकने ते दालनभर नेलं, "गाणं आमचं आम्ही ओढतो. तुम्ही नुसते हात हलवा."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच. आईने परत कोपरा धरला आणि पुढच्या ओळीपासून गाणं उचललं. मास्तर उभा होता. आता करणार काय? छडी खाली ठेवली तर हरला, बसला तर हरला. कॅमेरे त्याच्यावर. त्याने हात हलवले. गाणं पुढे आणि त्याचे हात मागे, ठेका पकडायला धावत, चुकत, परत पकडत. एकही बाई त्याच्याकडे बघत नव्हती. सगळ्या आईच्या तोंडाकडे बघत होत्या. आणि आईने पहिलं कडवं परत घेतलं, मग अजून एकदा घेतलं. मला नंतर वाटलं की गाणं इतकं लांबवायचं काही कारण नव्हतं. मग वाटलं, होतं.

परतताना आम्ही टॅक्सी केली. आई मागे माझ्याशेजारी बसली, पर्स मांडीवर, घसा बसलेला. मग विचारलं की मावश्यांना गप्प राहायला मी सांगितलं होतं का. मी म्हटलं, हो.

"मग मला का नाही सांगितलंस?"

मी सहज म्हणून गेले, तुला सांगायची काय गरज, तू तर तशीही. आणि पुढचं वाक्य गिळलं. आईने माझ्याकडे बघितलं. तिला ते न बोललेलं नीट ऐकू आलं होतं. तिने माझा हात थोपटला, जरा जोरातच, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. आमचा बसथांबा आला. तिचं एवढं मोठं तोंड दिव्याखाली उघडं होतं. टॅक्सी सिग्नलला थांबली तेवढा वेळ दोघी समोरासमोर होत्या.

"हे प्रदर्शन महिनाभर आहे ना?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आहे, महिनाभरच.

"तो येतो का गं तिथे?"

मला आधी कळलंच नाही कोण. मग कळलं. आईने जन्मात पहिल्यांदा मास्तरला 'तो' म्हटलं होतं. मी चष्मेवालीने सांगितलेलं तिला सांगितलं, दर रविवारी दुपारी मास्तर तिथे बसून लोकांना स्वतः माहिती सांगणार आहे.

आईने पर्सची चेन उघडली, काही न काढता परत लावली.

"मग या रविवारी पार्लर बंद ठेव," ती म्हणाली. "आणि भोंग्याला फोन कर."